पायाखालची जमीन : घर, गोठा आणि धान्याच्या खोलीसाठी कोणती फरशी?



घर बांधायचं ठरलं की भिंती किती उंच घ्यायच्या, वर पत्रे टाकायचे की स्लॅब, दार कोणत्या लाकडाचं करायचं, याची चर्चा घरात महिनाभर चालते. खाली काय घालायचं हा विचार मात्र सगळ्यात शेवटी होतो, आणि तोही दुकानात उभं राहून. हातात उरलेल्या पैशात बसेल आणि डोळ्याला चमकेल अशी फरशी घेतली जाते. तीच घरात, तीच पडवीत, आणि चार खोकी उरली तर तीच गोठ्यात. इथेच नुकसानीला सुरुवात होते. गोठ्यात जी जमीन खरखरीत हवी ती धान्याच्या खोलीत गुळगुळीत हवी. म्हणून वर चालणार कोण, ठेवणार काय आणि सांडणार काय, हे आधी पाहावे आणि मग फरशी निवडावी.

त्याहीआधी आणखी एक गोष्ट आहे.

आधी खालची माती ओळखा

आपल्या जालना जिल्ह्यातली जमीन काळ्या दगडापासून, म्हणजे बेसाल्टपासून झालेली आहे. पण ती सगळीकडे सारखी नाही. दक्षिणेला गोदाकाठी अंबड, घनसावंगी, परतूर या भागांत काळी माती खोल आहे. उत्तरेला भोकरदन, जाफराबादकडे डोंगराच्या बाजूला हलकी, मुरमाड जमीन पुष्कळ सापडते. जुन्या माणसांनी गाव वसवले ते पांढरीवर, आणि काळी ठेवली पिकाला. त्यात मोठं शहाणपण होतं. आता शेतात वीज आली, रस्ता आला, बोअर झाले, म्हणून आपण वस्ती करून शेतात राहायला लागलो. म्हणजे घर पांढरीवरून काळीवर आले. आणि मग शेतकरी विचारतात, "साहेब, दोन वर्षांपूर्वीची फरशी मधोमध फुगली, दार घासायला लागलं, असं कसं झालं?"

झालं असं. काळ्या मातीत चिकणमातीचा जो बारीक अंश असतो, तो पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आक्रसतो. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. घर बांधल्यावर मधल्या भागातली ओल वर निघून जायला वाट राहत नाही. ती तिथेच साठते आणि माती फुगून फरशीला खालून उचलते. कडेची माती मात्र पावसाळ्यात भिजते आणि उन्हाळ्यात वाळते, सारखी हलत राहते. मधे फुगवटा आणि भिंतीलगत भेग, असं जिथे दिसेल तिथे दोष बहुतेक वेळा फरशीचा नसतो, गवंड्याचाही नसतो. महागातली टाइल घातली असती तर तीही तशीच उचलली असती.

आपली माती फुगणारी आहे का, हे घरच्या घरी पाहता येतं. जिथे बांधायचं तिथे दोन फूट खोल खणून माती घ्या. ती पूर्ण वाळवा, बारीक कुटा आणि पिठाच्या चाळणीने चाळा. सरळ उभ्या काचेच्या ग्लासात दोन बोटे भरेल एवढी माती मोजून घ्या. ती दुसऱ्या तशाच ग्लासात पाण्यावर चिमटी-चिमटीने सोडा आणि एक दिवस हलवू नका. दुसऱ्या दिवशी तळाला बसलेली माती दोन बोटेच राहिली, किंवा किंचित वाढली, तर काळजीचं कारण नाही. तीन बोटे किंवा जास्त झाली तर सावध व्हा. चार बोटे झाली तर त्या मातीवर थेट फरशी घालणे म्हणजे पैसे पाण्यात. शेजारी एका ग्लासात हीच परीक्षा मुरमाची करून पाहा, म्हणजे फरक डोळ्यांनी दिसेल.

माती फुगणारी निघाली तर उपाय आहे. फरशीखालची काळी माती निदान दोन फूट काढून टाका, ती शेतात पसरा. त्या जागी मुरूम भरा. पण टिप्पर उलटा केला आणि वरून सपाट केला, असं नको. सहा-सहा इंचांचा थर द्या, पाणी मारा, धुम्मसाने चांगला ठोका आणि मगच पुढचा थर द्या. दहा फूट बाय दहा फूट खोलीला दोन फूट भराव म्हणजे दोनशे घनफूट, अर्थात दोन ब्रास होतात. मुरूम ठोकल्यावर बसतो, म्हणून अडीच ते तीन ब्रास धरून चाला. जमलं तर भरावावरून एक पावसाळा जाऊ द्या आणि फरशीचं काम दिवाळीनंतर काढा. घाई नसेल त्याला याच्याइतकी स्वस्त दुरुस्ती दुसरी नाही.

दुसरं, भिंतीच्या कडेला पाणी मुरू देऊ नका. न्हाणीचं पाणी, पत्र्याची पागोळी, रांजणाखालचा ओघळ हे सगळं भिंतीपासून लांब गेलं पाहिजे. घराभोवती तीन-चार फुटांचा पक्का उतार करा. जोते जमिनीपासून दीड-दोन फूट तरी वर घ्या.

गोठा

सगळ्यात जास्त नुकसान गोठ्यात होतं, म्हणून इथे जरा थांबून सांगतो.

भोकरदनकडच्या एका वस्तीवर मी नवा गोठा पाहायला गेलो होतो. मालकाने घराची उरलेली चकचकीत टाइल मोठ्या हौसेने गाईच्या खाली घातली होती. धुवायला सोपी, दिसायला दवाखान्यासारखी. गाय सात महिन्यांची गाभण. मूत्राने ओल्या झालेल्या टाइलवर उठताना तिचे मागचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकले, आणि ती पुन्हा उभी राहिली नाही. टाइल फुकट होती, गाय कर्जाची होती.

गाय किंवा म्हैस उठताना आधी मागचा भाग उचलते आणि सगळा भार मागच्या खुरांवर घेते. त्या क्षणी खूर सरकला तर खुब्याचा सांधा निखळतो, नाहीतर मांडीच्या आतले स्नायू फाटतात. पत्री मारलेल्या बैलाचं तर विचारूच नका. लोखंडी पत्री आणि गुळगुळीत शहाबादी म्हणजे तेलावर पाय ठेवण्यासारखं आहे. पेरणीच्या तोंडावर बैल बसला तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून गोठ्यात चमकणारी टाइल, पॉलिश केलेली शहाबादी किंवा कोटा, आणि निरू घोटून गुळगुळीत केलेला कोबा, यांतलं काहीही घालू नका.

मग काय घालावे?

पक्क्या गोठ्याला सिमेंट काँक्रीट चांगलं, पण खरखरीत. खाली ठोकलेला मुरूम, त्यावर सहा इंच दगडाची सोलिंग, त्यावर चार इंच काँक्रीट. प्रमाण एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी. शंभर चौरस फुटाला सुमारे सहा पोती सिमेंट, पंधरा घनफूट वाळू आणि तीस घनफूट खडी लागते. गवंडी पाच पोत्यांत करून देतो म्हणाला तर त्याला नम्रपणे नको म्हणा. पाणी गोडं वापरा, आणि मालात नेमकं लागेल तेवढंच. पातळ माल पसरायला सोपा जातो, पण वरचा थर दोन वर्षांत पिठासारखा निघतो.

काँक्रीट ओलं असतानाच त्यावर चार-चार इंचांच्या अंतराने तिरप्या रेषा दोन्ही बाजूंनी ओढून चौकडा करा. खाच अर्धा इंच रुंद आणि पाव इंचाहून थोडी जास्त खोल असावी. नुसता खराटा ओढून आलेला खरखरीतपणा वर्ष-दोन वर्षांत झिजतो, त्यावर भिस्त ठेवू नका. फार टोकदार कडाही ठेवू नका, खुराचा तळ सोलतो. ज्यांच्या गोठ्यात आधीच गुळगुळीत कोबा झालाय त्यांनी फोडाफोड न करता पाथरवटाकडून छिन्नीने टाचे मारून घ्यावेत.

गव्हाणीकडून नालीकडे उतार हवा, पण बेताचा. उभं राहण्याची जागा साडेपाच फूट लांब असेल तर तेवढ्यात एक ते दीड इंच उतार पुरे. पाणी लवकर जावं म्हणून काही जण चार-पाच इंच उतार देतात. अशा उतारावर गाभण जनावर सतत मागे कललेलं राहतं आणि अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. मागची नाली एक फूट रुंद, उथळ आणि तळाला गोलसर करा. खोल, काटकोनी नालीत पाय अडकतो.

ही नाली कशासाठी, तर मूत्रासाठी. मोठं जनावर दिवसाला आठ-दहा लिटर मूत्र टाकतं आणि जनावराच्या पोटातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा मोठा वाटा त्यात असतो. कच्च्या जमिनीत ते मुरून जातं, नाहीतर अमोनिया होऊन उडून जातं. गोठ्यात शिरताच डोळे चुरचुरतात ते तुमच्या खताच्या पैशाचं उडणं आहे. ३ फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयात रोजगार हमीतून बांधायच्या गोठ्यासाठी सहा जनावरांना ७.७० मीटर लांबी, ३.५० मीटर रुंदी आणि सोबत २५० लिटरचं मूत्र साठवण्याचं टाकं धरलेलं होतं. म्हणजे दर जनावराला सव्वाचार फूट रुंदी येते. योजनेतून बांधा की पदरच्या पैशाने, टाकं विसरू नका. योजनेची आजची रक्कम आणि अटी ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

नव्या काँक्रीटवर निदान दहा दिवस पाणी साठवून ठेवा. मातीची छोटी आळी करून भरली की सारखं मारत बसावं लागत नाही. त्यानंतर दोन-तीनदा स्वच्छ धुऊन मगच जनावर बांधा. ताज्या सिमेंटचा क्षार खुराला आणि कासेला भाजतो.

आता पैसा नसेल त्यांच्यासाठी. विटा आडव्या न घालता उभ्या कडेवर घातल्या तर बैलांसाठी जमीन चांगली होते. पाय सरकत नाही, आणि खालची माती थोडी हलली तर एखादी वीट बसते, सगळी जमीन फुटत नाही. वीट मात्र पक्की भाजलेली हवी. कच्ची वीट मूत्राने खाल्ली जाते. काळ्या दगडाची टाकी लावलेली चिरेबंदी जमीन तर पिढ्यान्‌पिढ्या जाते. जुन्या वाड्यांचे पडके दगड कुणाकडे असतील तर विकू नका, गोठ्यात बसवा. आपल्या काळ्या दगडाला मूत्राने काही होत नाही. शहाबादी मात्र चुनखडीचा दगड आहे. त्यावर लिंबू पिळून पाहा, फेस येतो. संडास धुवायचं आम्ल शहाबादीवर ओतलं तर तिचं तोंड कायमचं जातं.

कच्चा मुरमाचा गोठाही वाईट नाही, पण त्याचे नियम पाळले पाहिजेत. दरवर्षी उन्हाळ्यात वरचा सहा इंच थर खरवडून शेतात टाका, तो भिजलेला थर म्हणजे खतच आहे. नवा मुरूम भरून ठोका. हे केलं नाही तर खड्डे पडतात, खड्ड्यात मूत्र साठतं, त्यात गाय बसते आणि सडातून रोग आत शिरून दगडी होते. जमिनीच्या आणि भिंतीच्या फटीत गोचीड अंडी घालते, तेव्हा फटी बुजवत राहा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, आपल्यासारख्या पाणी कमी असलेल्या जिल्ह्यात दुभत्या जनावरांसाठी मुक्त संचार गोठा जास्त सोयीचा. सगळी जमीन पक्की केली की रोज धुवायला पाणी लागतं, आणि एप्रिल-मे महिन्यात इथे माणसालाच टँकरची वाट पाहावी लागते. मुक्त गोठ्यात गव्हाणीलगतचा आठ-दहा फुटांचा पट्टा खरखरीत काँक्रीटचा करा, बाकी मोकळ्या जागेत फूटभर मुरूम घालून बाहेरच्या बाजूला उतार द्या. एका गाईला छपराखाली चाळीस आणि उघड्यावर ऐंशी चौरस फूट जागा धरा. काळ्या मातीवर मुरूम न घालता मुक्त गोठा केला तर आषाढात त्याचा चिखलगोठा होतो, हे लक्षात असू द्या.

रबरी मॅट घ्यावी का? काँक्रीट झालेलंच असेल, तर गाभण आणि जड म्हशीसाठी जरूर घ्या, गुडघे सोलत नाहीत. मात्र आठवड्यातून एकदा उचलून खाली धुवावी लागते. ते होणार नसेल तर घेऊ नका.

धान्याची खोली

इथे सगळं उलटं. जमीन गुळगुळीत, बिनफटीची आणि कोरडी हवी. सोंडे आणि तांबडे भुंगेरे फटीतल्या चिमूटभर पिठावर वर्ष काढतात आणि नवं धान्य आलं की बाहेर पडतात. शहाबादीचे सांधे उकललेले असतील तर ते आधी सिमेंटने भरा.

ओल ही दुसरी गोष्ट. खालून ओल चढते ती डोळ्याला दिसत नाही, पोत्याच्या तळाला हात घातला की कळते. सोलिंगवर पातळसा काँक्रीटचा थर देऊन त्यावर जाड प्लॅस्टिकचा अखंड कागद पसरा, कडा भिंतीवर थोड्या चढवा आणि वर मुख्य काँक्रीट टाका. याला खर्च अगदी थोडा येतो, पण फरशी झाल्यावर ही गोष्ट करता येत नाही. बांधून झालेल्या खोलीत लाकडी फळ्यांची मांडणी करून पोती तिच्यावर ठेवा, भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून. धान्य बारा टक्क्यांच्या आत वाळलेलं नसेल तर मात्र कोणतीच फरशी त्याला वाचवणार नाही.

कापूस साठवायलाही अशीच जमीन बरी. शेणमातीवर ठेवलेल्या कापसाला धूळ आणि पाचोळा चिकटतो आणि भाव तिथेच उतरतो.

खळे

शेणाने सारवलेलं खळं ज्वारीला उत्तम होतं, अजूनही आहे. सोयाबीन आल्यापासून लोक सिमेंटचा ओटा करू लागले. विकायच्या मालाला तो ठीक आहे. पण पुढच्या वर्षी पेरायचं बियाणं भर उन्हात तापलेल्या सिमेंटवर वाळवू नका. सोयाबीनचं टरफल नाजूक, आत कोंब टरफलाला लागूनच असतो. तापलं किंवा आपटलं की उगवण जाते. बियाण्यासाठी ताडपत्री घ्या आणि सकाळ-संध्याकाळच्या उन्हात पातळ थर द्या.

रेशीमघर

जालन्याला २०१८ साली बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी सुरू झाली, तेव्हापासून आपल्याकडे तुतीच्या बागा वाढल्या. कीटक संगोपनगृहाची जमीन सिमेंटचीच हवी. कारण प्रत्येक पिकानंतर ती धुऊन निर्जंतुक करावी लागते. चुन्याच्या ०.३ टक्के निवळीत २ टक्के ब्लीचिंग पावडर मिसळून ते द्रावण जमिनीवर, भिंतीवर फिरवतात. मातीच्या जमिनीत हे द्रावण मुरून जातं आणि रोगाचे जंतू खाली तसेच राहतात. एका कोपऱ्याकडे उतार द्या, पाणी बाहेर काढायला भोक ठेवा, त्याला जाळी लावा. मुंग्यांसाठी बाहेरच्या बाजूने पाण्याची छोटी चर काढा.

राहतं घर

सारवलेल्या जमिनीला कमी लेखू नका. मुरूम आणि पांढरी माती भिजवून चोपण्याने चोपलेली जमीन उन्हाळ्यात गार राहते, आणि काळ्या मातीवरच्या घरात तडा गेला तर दुसऱ्या दिवशी पोतेऱ्याने बुजवता येतो. मात्र बाळंतिणीच्या खोलीत ताजं सारवण नको. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात आणि बाळाची नाळ ही उघडी जखम असते.

शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादहून नाव घेऊन आली. मराठवाड्यातल्या घरांना ती मानवली आहे. बिनपॉलिशची घ्या, मुरूम-वाळूच्या थरावर बसवा. जमीन थोडी हलली तरी एखादी लादी उचलून पुन्हा बसवता येते, हा तिचा मोठा गुण. कोबा स्वस्त आणि टिकाऊ, पण सलग मोठा कोबा काळ्या जमिनीवर तडकणारच. चार-चार फुटांवर काचेच्या पट्ट्या घालून त्याचे चौकोन पाडा, म्हणजे तडा पट्टीवर जातो, वेडावाकडा फिरत नाही.

चकचकीत टाइल बैठकीच्या खोलीत हौसेने घाला, माझी ना नाही. पण न्हाणीत, पायरीवर आणि उंबऱ्याबाहेर नको. ओल्या पायाने म्हातारी माणसं तिथेच पडतात. न्हाणीसाठी दुकानदाराकडे खरखरीत टाइल वेगळी मागा. त्याने नाही म्हटलं तर शहाबादीवर टाकी मारून घ्या. टाइल घेताना हातातल्या नमुन्यावर पाणी ओता, अनवाणी पाय ठेवून बघा आणि मग भाव विचारा. घरात म्हातारी आई असेल तर तिलाच सोबत न्या.